गोमादादाने सोडवलेलं रान

आधी माफी मागतो. या पुरवणीत ज्यांच्यावर लेख येतात ती माणसं मोठी असतात, आणि लिहिणारेही लिहिण्याच्या सरावाचे असतात. मी त्यातला नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि परीक्षेचे पेपर सोडले तर इतकं लांबलचक मी कधी काही लिहिलेलं नाही. ज्याच्यावर लिहायला बसलोय तो गोमा चाहू निरगुडा मोहोपाड्याच्या एका कारखान्याच्या कॉलनीत क्लबचा शिपाई होता. दीड महिन्यापूर्वी तो वारला. मी त्याचा कोणी लागत नव्हतो, त्यामुळे त्याच्यावर लिहायचा मला हक्क आहे की नाही हेही मला नीट कळत नाही. तरी लिहितोय, कारण एका ठिकाणी त्याचं नाव छापून यायला हवं होतं तिथे माझं आलं, आणि ते मी येऊ दिलं. हे मी सांगितलं नाही तर दुसरं कोणी सांगणार नाही... दुसऱ्या कोणाला ते ठाऊकच नाही.

माझी सेकंड इयर बी.एस्सी.ची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमचं गाव कर्जतजवळ, कॉलेज खोपोलीला, आणि मामा मोहोपाड्याच्या त्या कारखान्यात ऑपरेटर. मामाने कुणाकुणाला सांगून सुट्टीपुरतं एक काम मिळवून दिलं. क्लबच्या लायब्ररीतल्या पुस्तकांची यादी करायची. क्लब दुपारी एक ते चार बंद असायचा, तीच वेळ मला दिली होती, आणि किल्ली गोमादादाकडे असल्यामुळे तोही थांबायचा. माणिकगडाच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतला हा माणूस, चाळिशीचा, काटक, शाळा चौथीपर्यंत. कॅरमला भिडू कमी पडला की साहेब लोक त्याला बसवायचे आणि तो कोणाचं लक्ष नसताना सोंगटी बोटाने पुढे सारायचा. पकडला गेला की म्हणायचा, बोर्डच कलता हाय. बोर्ड खरंच थोडा कलता होता, पण त्याच्या बाजूला नव्हे. पहिल्या दिवशी मी पुस्तकांवरची धूळ झटकत बसलो होतो तेव्हा दारात उभा राहून त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “काय रं कॉलेज, धूळ बी तूच काढणार? मंग माझं काम काय?” तेव्हापासून मी त्याच्यासाठी कॉलेज. माझं खरं नाव त्याने चार वर्षांत दोनदाच घेतलं असेल.

लायब्ररीच्या त्याच खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर, विणलेल्या रुमालाखाली एक कॉम्प्युटर होता. कारखान्यातले देवधर साहेब परदेशातून येताना तो घेऊन आले होते आणि कॉलनीतल्या मुलांनी शिकावं म्हणून त्यांनी तो क्लबला दिला होता. आता लोकांनी असली यंत्रं चित्रात तरी पाहिली आहेत, पण तेव्हा आमच्याकडे रंगीत टीव्हीच नवा होता. हा कॉम्प्युटर म्हणजे एक जाडसर कीबोर्ड. तो क्लबच्या जुन्या ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीला जोडायचा आणि गाण्यांच्या असतात तशा कॅसेटवरून टेपरेकॉर्डरने त्यात खेळ भरायचा. भरताना पाच-सात मिनिटं टेपमधून किर्र असा कर्कश आवाज यायचा. मुलं त्यावर विमानं पाडण्याचे खेळ खेळत. एक कॅसेट मात्र कोणी लावत नसे, कारण त्या खेळात चित्रच नव्हतं. नुसती इंग्रजी वाक्यं. एका बेटावर पडका मठ आहे, त्यातली हरवलेली घंटा शोधायची. यंत्र सांगणार की तुम्ही कुठे आहात, समोर काय आहे, आणि आपण दोन शब्दांत टाइप करायचं की काय करणार. दिवा घे. दार उघड. दक्षिणेला जा. बरोबर असेल तर यंत्र पुढचं सांगणार, चूक असेल तर तुम्ही मेलात. एकूण गुण अडीचशे.

मला ते वेड लागलं ते इंग्रजीमुळे. कॉलेजात इंग्रजी बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटायची, पण हे यंत्र माझ्याशी इंग्रजीत बोलत होतं आणि माझे दोन शब्द त्याला कळत होते. देवधर साहेबांची परवानगी काढली. यादीचं काम दोनपर्यंत उरकायचं आणि मग खेळायचं. पहिले दोन दिवस मी एकटाच खेळलो आणि किनाऱ्यावरच चार वेळा मेलो. तिसऱ्या दिवशी गोमादादा खिडकीच्या कट्ट्यावर येऊन बसला. (खुर्चीवर तो कधी बसला नाही. खुर्ची साहेबांची म्हणून नव्हे, पाय लोंबकळतात म्हणून.) म्हणाला, मोठ्यानं बोल की, त्यो काय सांगतो ते. मी प्रत्येक वाक्य मराठीत सांगू लागलो. जरा वेळ ऐकून तो म्हणाला, “लई कमी बोलतो ह्यो. आमचा सासरा बी असाच. पण जे बोलतो ते खरं असतं, तेवढं ध्यानात ठेव.”

असा आमचा खेळ सुरू झाला. मी वाचणार, तो ऐकणार, तो सांगणार, मी टाइप करणार. उत्तर-दक्षिण त्याला पटेना. खिडकीतून दिसतं ते सोडून तुझ्या पुस्तकातलं कशाला, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे आमच्यात दिशांची नावं वेगळी होती. उत्तरेला प्रबळगड, दक्षिणेला माणिकगड, मावळतीला कर्नाळा आणि उगवतीला घाट. “माणिकगडाकडं जा,” तो म्हणायचा आणि मी S दाबायचो. पडद्यावर ते अक्षर उमटताना बघून त्याला आधी ती चार अक्षरं यायला लागली, मग आणखी, आणि पावसाळा लागेपर्यंत तो इंग्रजी कॅपिटल लिपी चाचपडत का होईना वाचत होता. हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. एक दिवस पडद्यावर आलेलं LAMP त्यानेच आधी वाचलं आणि स्वतःच दचकला.

तो नेहमी बरोबर असायचा असं नाही, हे सांगायला हवं. मेलेल्या माणसाविषयी लिहिताना सगळं गोड लिहिलं जातं आणि गोमादादाला ते आवडलं नसतं. किनाऱ्यावरच्या वेशीशी एक पहारेकरी होता. पावण्यानं आधी रामराम करावा, असा गोमादादाचा हट्ट. मी तीन वेगवेगळ्या शब्दांत नमस्कार टाइप केला आणि तिन्ही वेळा पहारेकऱ्याने आमचं डोकं उडवलं. चौथ्यांदा मी ऐकलं नाही तर तो रुसून व्हरांड्यात जाऊन बसला. तिथल्या विहिरीत उतरायचंच, खाली नक्की काहीतरी असणार, म्हणून आम्ही अकरा वेळा बुडालो. खाली काही नव्हतं. मध्येच लाईट जायची आणि तासाभराचा प्रवास पुसला जायचा, मग पुन्हा किनाऱ्यापासून सुरुवात. तेव्हा तो मला धीर द्यायचा सोडून कारखान्यापासून वायरमनपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायचा. मी हसायला लागलो की मग त्यालाही हसू यायचं.

आम्ही अडकलो ते रानात. किनारा आणि मठ यांच्यामध्ये रान होतं आणि त्या रानात कुठेही गेलं तरी यंत्र एकच वाक्य सांगायचं, तुम्ही रानात आहात, चारी बाजूंना वाटा आहेत. प्रबळगडाकडे गेलो तरी तेच, घाटाकडे गेलो तरी तेच. पुढे सरकतोय की तिथेच फिरतोय ते कळायचा मार्ग नव्हता. मी वहीवर नकाशे काढले, गणिताने सोडवायचा प्रयत्न केला. दोन आठवडे गेले. देवधर साहेबांकडे मुंबईहून कॉम्प्युटरचं एक इंग्रजी मासिक यायचं, त्यात अशा खेळांतल्या अडचणी वाचक एकमेकांना विचारत. त्यात तिघांनी विचारलं होतं की या रानातून बाहेर कसं पडायचं. उत्तर कोणालाच माहीत नव्हतं.

एका दुपारी गोमादादाने विचारलं, आपल्या हातात काय काय हाय? मी वाचलं... दिवा, दोर, कुदळ, किल्ली, पाव. तो म्हणाला, मंग एकेक ठेवत चल. मी म्हणालो, टाकून दिलं तर पुढे लागेल तेव्हा काय करायचं? तेव्हा तो वैतागून कट्ट्यावरून खाली उतरला. त्यांच्या वाडीत लाकडाला, मधाला, कंदाला माणसं मागेपुढे रानात जातात. पुढे गेलेला दोन वाटा फुटतात तिथे एक हिरवी डहाळी मोडून चुकीच्या वाटेवर आडवी ठेवतो. मागून येणारा ती बघतो आणि दुसऱ्या वाटेने जातो. लहान पोरालासुद्धा हे ठाऊक असतं. “टाकून कोण दे म्हनतंय रं?” तो म्हणाला. “ठेव. खूण म्हणून ठेव. येताना उचलू.”

मी पहिल्या जागी कुदळ ठेवली. पुढच्या जागी दोर. तिसऱ्या वळणावर यंत्र म्हणालं, तुम्ही रानात आहात, चारी बाजूंना वाटा आहेत, इथे एक कुदळ पडली आहे. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा कळलं की आपण कुठे आहोत. त्या रानात मोजून पाच जागा होत्या. पाचही सापडल्या, बाहेरची वाट काही सापडेना, आणि शेवटच्या खुणेला माझ्या हातात पाव तेवढा उरला होता. मी तो ठेवला. गोमादादा पोट धरून हसला, खुणेला भाकर कोण ठेवतं, खाईल की कोणीतरी. मग एकदम हसणं थांबवून म्हणाला, “थांब. बघू तर कोण खातंय.”

खेळाच्या पुस्तिकेत वीस आज्ञा दिलेल्या होत्या. थांबणं त्यात नव्हतं. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, छापलं नाय म्हणून थांबायचं बी नाय का? त्याच्या समाधानासाठी मी WAIT टाइप केलं. यंत्र चूक म्हणालं नाही. वेळ जातो आहे, एवढंच म्हणालं. पुन्हा केलं. वेळ जातो आहे. तिसऱ्यांदा केलं आणि पडद्यावर आलं की झुडपातून एक कोल्हा बाहेर आला आहे आणि पावाकडे बघतो आहे. मी घाईघाईने त्याला मारायची आज्ञा टाइप करायला घेतली. गोमादादाने माझा हात धरला. कोल्ह्याला मारून काय मिळणार, त्याला वाट ठावी हाय, गुमान बस म्हणाला. कोल्ह्याने पाव उचलला, झुडपात शिरला, आणि त्या झुडपामागे कर्नाळ्याच्या बाजूला एक नवी वाट उघडली, जी तोपर्यंत नव्हतीच. गुण एकदम वीसने वाढले. पलीकडे मठ होता.

पुढच्या चार-पाच दिवसांत घंटाही सापडली. गुण झाले दोनशे चाळीस. उरलेले दहा आम्हाला कधीच मिळाले नाहीत आणि गोमादादाचं ठाम मत होतं की ते यंत्राने मारले.

देवधर साहेब खूष झाले. हे लगेच मासिकाला कळव म्हणाले. मी तीन दिवस खपून इंग्रजीत पत्र लिहिलं आणि खाली दोन नावं घातली, आधी गोमा चाहू निरगुडा, मग माझं. साहेबांनी वाचलं, दोन-तीन चुका दुरुस्त केल्या आणि दुसऱ्या नावाशी... म्हणजे पहिल्या नावाशी थांबले. वाईट हेतूने नव्हे, माझ्या भल्यासाठीच म्हणाले, एकच नाव ठेव, तू शिकतो आहेस, तुला पुढे उपयोगी पडेल. शिपायाने सोडवलं असं लिहिलंस तर संपादकांना थट्टा वाटेल. त्यांनी कागद माझ्याकडे परत दिला. त्यांनी नाव खोडलं नाही, हे मला नीट सांगायचं आहे. पेन माझ्या हातात होतं. घरी आलो आणि पत्र नवीन कागदावर उतरवून काढलं, एका नावाचं.

दोन महिन्यांनी ते छापून आलं. मी गोमादादाला सांगितलं नाही, पण साहेबांनी कात्रण क्लबच्या नोटीस बोर्डावर लावलं. पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा तो बोर्डासमोर उभा होता. त्याला आता अक्षरं येत होती. बोट ठेवून तो शेवटची ओळ वाचत होता, एकदा वाचली, पुन्हा पहिल्यापासून वाचली. मी मागे उभा होतो. माझ्या तोंडातून काहीतरी निघालं, साहेब म्हणाले म्हणून, जागा कमी होती म्हणून, असं काहीतरी. तो वळला. चेहऱ्यावर राग नव्हता. “डहाळी कुणी ठेवली ते कोण इचारतो रं?” तो म्हणाला. “मागचा चुकला नाय म्हंजे झालं.” आणि बादली उचलून व्हरांडा पुसायला गेला.

ते वाक्य मी तीन वर्षं जपून वापरलं. मनाला टोचलं की तेच काढायचो. त्याने माफ केलंय, त्यांच्यात नावाचं कौतुक नसतंच... असं मी स्वतःला सांगायचो. पण त्याने ती ओळ दोनदा वाचली होती, हेही मला ठाऊक होतं.

बी.एस्सी. झाल्यावर पुण्याच्या एका संस्थेत कॉम्प्युटरच्या अभ्यासक्रमासाठी मुलाखत दिली. माझे मार्क बेताचेच होते. अर्जाला ते कात्रण जोडलं होतं. समोरच्या तिघांपैकी एकाने ते लक्षपूर्वक वाचलं आणि विचारलं, हे तुम्हाला सुचलं कसं? इंग्रजीत विचारलं होतं आणि त्या दिवशी माझी जीभ अडखळली नाही. विचार करून, असं मी सांगितलं. मला प्रवेश मिळाला.

दिवाळीत मी त्याला भेटायला जायचो. देवधर साहेबांची बदली झाली, जाताना ते कॉम्प्युटर घेऊन गेले, टेबलावर पुन्हा वर्तमानपत्रं आली. गोमादादा पुण्याच्या यंत्रांची चौकशी करायचा. मोठी हायत का, लाईट गेल्यावर सगळं पुसतं का, त्यात रान हाय का. मी सगळं सांगायचो. मुलाखतीचं तेवढं सांगायचो नाही. गेल्या दिवाळीला तो म्हणाला की वाडीतल्या पोरांना तो आता अक्षरं शिकवतो, जमिनीवर काठीने, इंग्रजीच, मराठी शाळेत शिकवतातच म्हणून. कोणी चूक केली की तू मेलास म्हणतो. परत निघालो तेव्हा तो फाट्यापर्यंत सोडायला आला. गाडी येईपर्यंत एवढा वेळ होता आणि मी मुलाखतीचं सोडून बाकी सगळं बोलत राहिलो.

त्या रात्री पुण्याला पोचलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मासिकाला पत्र लिहिलं. या वेळी कोणालाही न दाखवता. इंग्रजीच्या चुका राहिल्या असतील. रानाची युक्ती माझी नव्हती, गोमा चाहू निरगुडा यांची होती, थांबून बघायचं त्यांनाच सुचलं, मी फक्त टाइप केलं, असं लिहिलं. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं. माघ महिन्यात अंक आला, आणि शेवटच्या पानावर, जाहिरातींच्या वर, चार ओळी होत्या. नाव पूर्ण छापलं होतं. स्पेलिंगसुद्धा बरोबर होतं.

तो अंक घेऊन मी लगेच निघालो. खोपोलीच्या शिळफाट्याला उतरलो, मोहोपाड्याची एस.टी. पकडली. क्लबला कुलूप होतं, आज सुट्टी असेल असं समजून मी तसाच वाडीच्या वाटेला लागलो. चढताना मनात एकच चाललं होतं, की आधी वाचून दाखवायचं नाही. अंक त्याच्या हातात द्यायचा आणि त्याला स्वतःला बोट ठेवून वाचू द्यायचं. अर्ध्या वाटेवर त्याची मोठी मुलगी कमळी डोक्यावर मोळी घेऊन उतरताना दिसली. मला तिने ओळखलं. बाबाकडं चाललात का, तिने विचारलं. मी हो म्हणालो. तिने मोळी खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “बाबा नाय आता. ताप आला, चार दिस निजून व्हता. पाचव्या दिशी गेला. बारावं बी झालं.”

 मग तिने विचारलं की हातात काय आहे. मी सांगितलं. वाचा म्हणाली. तिथेच उभं राहून मी त्या चार ओळी आधी इंग्रजीत वाचल्या आणि मग मराठीत सांगितल्या. तिने अंक हातात घेतला, त्या पानावर हात फिरवला, आणि मला परत दिला.

“वाडीत चला,” ती म्हणाली. “आयेला बी वाचून दाखवा. तिला आजून वाटतं, बाबा दुपारचा क्लबात निजायला थांबायचा.”